पुष्कळ धांवलेली स्पोर्ट्‌स मोटार : घ्यावी कीं सोडावी?

जुनी मोटार विकत घेणारा मनुष्य एका अनोळखी माणसाच्या संवयीहि विकत घेत असतो. आधींच्या मालकानें ती कशी चालविली, तिचें तेल वेळेवर बदललें कीं नाहीं, पावसाळी रात्रीं ती छपराखालीं ठेविली कीं उघड्यावर, या सर्व गोष्टींचा हिशेब नव्या मालकाच्या पदरीं येतो. साधी घरगुती मोटार असली तर हा हिशेब बहुधा सौम्य असतो. स्पोर्ट्‌स मोटारीचा मात्र कडक असतो. कारण ती मुळांत हौसेसाठीं घेतलेली असते, आणि हौसेनें वापरलेली वस्तु काळजीनें वापरलेली असेलच असें नाहीं. अशी एखादी मोटार लाख-सवालाख मैल धांवलेली असली, आणि तरीहि तिच्यावर कोणाचें मन बसलें, तर त्यानें काय करावें? मागितलेली किंमत देऊन मोकळें व्हावें, कीं मन आवरून घरीं परतावें? या प्रश्नाचें उत्तर केवळ मैलांच्या आंकड्यांत शोधणारे पुष्कळ असतात, आणि फसणारेहि त्यांतच पुष्कळ असतात.

विवेचन मोघम राहूं नये म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण घेणें बरें. जपानांतील हिरोशिमा येथें तयार होणारी माझ्दा कंपनीची एम्‌एक्स्‌-५ ही दोन आसनांची व उघडझांप करतां येणाऱ्या टपाची मोटार, जगांत सर्वांत अधिक खपलेली दोन आसनी स्पोर्ट्‌स मोटार म्हणून प्रसिद्ध आहे. सन २००० मध्यें गिनीजच्या विक्रमग्रंथानें तशी नोंद घेतली, आणि एप्रिल २०१६ मध्यें या जातीची दहा लाखावी मोटार कारखान्यांतून बाहेर पडली. ब्रिटनमधील जुन्या मोटारींच्या बाजारांत ती विपुल आढळते, आणि तेथील कायदेकानू व नोंदीहि घेणाऱ्यास उपयोगी पडतील अशा आहेत. म्हणून हें उदाहरण ब्रिटनच्याच भूमीवर राहूं द्यावें. मुंबई-पुण्याकडील रस्त्यांवर ही मोटार दिसण्याचा संभव थोडा. कारण भारताच्या आयात-नियमांप्रमाणें तीन वर्षांहून जुनी मोटार सामान्य व्यवहारांत बाहेरून आणतां येत नाहीं. परंतु पारख करण्याची रीत मात्र कोणत्याहि देशांत तीच.

या मोटारीचा जन्म मोठा मनोरंजक आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकारानें माझ्दाचे केनिची यामामोटो यांस असें सुचविलें कीं, इंग्रज कारखान्यांनीं एके काळीं गाजविलेल्या हलक्या, उघड्या मोटारींची परंपरा कोणीतरी पुन्हां चालू करावी. लोटस एलान तोंपर्यंत बंद पडली होती, आणि १९८० मध्यें एम्‌जी-बीचेंहि उत्पादन थांबलें. माझ्दानें ती रिकामी जागा हेरली. तोशिहिको हिराई या मुख्य अभियंत्यानें आपल्या सहकाऱ्यांपुढें 'जिन्बा इत्ताई' हें जपानी सूत्र ठेविलें; घोडा आणि स्वार एकदेह व्हावे, असा त्याचा भाव. फेब्रुवारी १९८९ मध्यें शिकागोच्या प्रदर्शनांत ही मोटार लोकांसमोर आली. तिचें इंजिन अवघें १.६ लिटरचें, शक्ति सुमारें ११५ अश्वांची, आणि वजन साधारण ९५० किलो. पुढें १९९३ मध्यें १.८ लिटरचें इंजिनहि मिळूं लागलें. पहिलें रूप १९९७ पर्यंत, दुसरें १९९८ ते २००५, तिसरें २०१५ पर्यंत आणि त्यानंतर चौथें, अशा तिच्या पिढ्या मानल्या जातात.

हा इतिहास सांगण्याचें कारण असें कीं, पारख करणाऱ्यास मोटारीची प्रकृति प्रथम कळली पाहिजे. कांहीं स्पोर्ट्‌स मोटारींत लहानशा इंजिनांतून प्रचंड शक्ति पिळून काढलेली असते. तेथें लाख मैल ही खरोखरच उतारवयाची खूण ठरते. या मोटारीचा आनंद शक्तींत नसून हलकेपणांत आहे. तिचें इंजिन साध्या बांधणीचें, फारसा ताण नसलेलें आहे, आणि वेळेवर तेलपाणी मिळालें तर लाख मैलांनंतरहि तें सुरळीत चालतें. उलट तिचा पत्रा ब्रिटनमधील थंडी, पाऊस आणि हिंवाळ्यांत रस्त्यांवर टाकलें जाणारें मीठ यांपुढें लवकर हात टेकतो. म्हणजे या मोटारीला मैलांपासून जितकें भय आहे, त्याहून अधिक भय गंजापासून आहे. प्रत्येक मोटारीची अशी एक दुखरी बाजू असते. ती अगोदर ठाऊक असणाऱ्यानेंच बाजारांत पाऊल टाकावें.

आतां मैलांच्या आंकड्याचा अर्थ पाहूं जातां, तो एकटा फार थोडें सांगतो असें दिसून येईल. तीस वर्षांत एक लाख वीस हजार मैल म्हणजे वर्षाला सरासरी चार हजार मैल झाले; हा कांहीं अत्याचार नव्हे. शिवाय मैलामैलांत भेद असतो. मोठ्या रस्त्यावर एका वेगानें, इंजिन नीट तापलेलें असतां केलेला शंभर मैलांचा प्रवास आणि शहरांत थंड इंजिनानें शंभर वेळां केलेली एकेक मैलाची फेरी, यांत दुसऱ्या प्रकारची झीज पुष्कळच अधिक असते. कारण इंजिन थंड असतांना तेल सर्वत्र नीट पोंचलेलें नसतें, व पेट्रोल आणि ओलावा यांचा अंश त्यांत मिसळत राहतो. तसेंच वर्षानुवर्षें उभी राहिलेली मोटार तरुण राहते ही समजूतहि भ्रामक आहे. रबराच्या नळ्या व वाइसरें कडक होतात, ब्रेकचे भाग अडकून बसतात, टायरांना भेगा पडतात, टांकींतील पेट्रोल नासतें. मोटार मैलांनीं म्हातारी होते तशीच वर्षांनींहि होते, आणि उभी राहिलेली मोटार आपलें म्हातारपण चकचकीत रंगाखालीं झांकून ठेविते.

म्हणून मोटार पाहण्यापूर्वीं तिचे कागद पाहावे. ब्रिटनमध्यें तीन वर्षांहून जुन्या मोटारीला दरवर्षीं एक सक्तीची परीक्षा द्यावी लागते, तिला एम्‌.ओ.टी. म्हणतात. २००५ सालापासूनच्या या परीक्षांचा निकाल, प्रत्येक वेळचा मैलांचा आंकडा, नापास होण्याचीं कारणें आणि परीक्षकानें दिलेल्या सूचना, हें सर्व मोटारीच्या नंबरावरून कोणालाहि सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहतां येतें. घरबसल्या पंधरा मिनिटांत होणारें हें काम पुष्कळदां दिवसभराचा फेरा वांचवितें. मैल वर्षागणिक वाढत गेले आहेत, कीं मध्येंच एका वर्षीं कमी झाले आहेत? चार वर्षें परीक्षाच झाली नाहीं, असा खंड कोठें आहे काय? 'दाराखालचा भाग गंजला आहे' अशी सूचना एका वर्षीं आली आणि पुढच्या वर्षीं नाहींशी झाली, तर मधल्या काळांत दुरुस्तीची पावती आहे काय? पावती असेल तर ती मोटारीच्या बाजूनें साक्ष होय. नसेल तर गंज बहुधा बरा झालेला नसून त्यावर काळा लेप चढलेला असतो.

या परीक्षेची एक मर्यादा मात्र ध्यानांत ठेविली पाहिजे. ती रस्त्यावरील सुरक्षिततेची परीक्षा आहे. इंजिन, क्लच आणि गिअरपेटी यांची स्थिति तींत तपासली जात नाहीं. काल उत्तीर्ण झालेल्या मोटारीचा क्लच आज जळूं शकतो. तसेंच सरकारी नोंदणीपत्रावर ज्याचें नांव असतें तो मोटार बाळगणारा असतो. तोच कायदेशीर मालक आहे असा पुरावा त्या पत्रानें मिळत नाहीं. मोटारीवर कोणाचें कर्ज बाकी आहे काय, ती चोरीची किंवा विमा कंपनीनें मोडींत काढलेली तर नाहीं ना, याची चौकशी थोडें शुल्क भरून स्वतंत्रपणें करून घ्यावी. या मोटारीच्या बाबतींत आणखी एक खाचखळगा आहे. जपानांत ती 'युनोस रोडस्टर' या नांवानें विकली जात असे, आणि अशा पुष्कळ मोटारी पुढें ब्रिटनमध्यें आल्या. त्यांच्यावर किलोमीटरांची मोजणी असते. एक लाख किलोमीटर म्हणजे सुमारें बासष्ट हजार मैल. मोजणीयंत्र बदलतांना किंवा नोंद लिहितांना या दोहोंचा घोळ झाला, तर कागद खोटे नसूनहि आंकडा खोटा ठरतो.

घोड्यांच्या बाजारांत जाणता मनुष्य दांत पाहून वय ओळखी. मोटारीलाहि तसे दांत असतात. पायांखालच्या पेडलांवरील रबर, हातांनीं घासून गुळगुळीत झालेलें स्टिअरिंगचें चामडें, गिअरच्या दांडीची मूठ आणि चालकाच्या आसनाची दाराकडील कड हीं सर्व झिजून गेलेलीं असून मोजणीयंत्र चाळीस हजार मैल दाखवीत असेल, तर दोहोंपैकीं एक खोटें बोलत आहे. आणि रबराला खोटें बोलतां येत नाहीं. टायराच्या बाजूवर चार आंकडे कोरलेले असतात. २००० सालापासूनच्या टायरांवर पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवितात. ३४१८ असें असेल तर तो टायर २०१८ सालच्या चौतिसाव्या आठवड्यांत तयार झाला. नक्षी खोल दिसत असली तरी दहा-बारा वर्षांचा टायर बदलावाच लागेल. चार चाकांवर चार निरनिराळ्या, स्वस्त जातींचे टायर दिसले, तर मालकानें डोळ्यांस न दिसणाऱ्या भागांवर किती खर्च केला असेल याचाहि अंदाज येतो.

यानंतर सर्वांत महत्त्वाची तपासणी, ती गंजाची. दाराखालीं मोटारीच्या दोन्ही अंगांनीं पत्र्याची जी पोकळ पेटी पुढून मागें जाते, तिला 'सिल' म्हणतात. मराठींत तिला मोटारीचा उंबरठा म्हणावें. बंद छपराच्या मोटारींत छप्पर व खांब ताकदीचा वांटा उचलतात. उघड्या मोटारीला छप्पर नसल्यामुळें हा उंबरठाच पुष्कळसा भार सांभाळतो. एम्‌एक्स्‌-५ च्या टपावरील पावसाचें पाणी मागच्या बाजूच्या नळ्यांवाटे खालीं जातें. त्या नळ्या पाल्यापाचोळ्यानें तुंबल्या कीं पाणी उंबरठ्याच्या पोकळींत सांठतें, आणि मागील चाकाच्या अगदीं पुढचा भाग आंतून बाहेर असा गंजूं लागतो. बाहेर रंगावर एक लहानसा फोड दिसतो, तेव्हां आंतला पत्रा बहुधा संपलेला असतो. म्हणून घेणाऱ्यानें जमिनीवर गुडघे टेकून त्या जागीं हात फिरवावा, पातळ कापडांत गुंडाळलेलें लोहचुंबक लावून पाहावें. पत्रा असेल तर चुंबक धरील. लांबी भरून रंग दिलेला असेल तर धरणार नाहीं. दुसऱ्या पिढीच्या मोटारींत पुढच्या बाजूच्या चौकटीच्या दांड्याहि अशाच गंजतात. त्या वरून दिसत नाहींत. मोटार उचलून खालून पाहाव्या लागतात.

ही तपासणी केवळ पैशाची नाहीं. आसनपट्टा, चाकांचे आधार व ब्रेकचे भाग जेथें मोटारीच्या अंगाला जोडलेले असतात, त्या जागेपासून तीस सेंटिमीटरांच्या आंत पत्रा गंजून दुबळा झाला असेल, तर वार्षिक परीक्षेंत मोटार नापास होते. या नियमामागें साधें कारण आहे. अपघात झाला तर पट्टा ज्या पत्र्याला धरून आहे तो पत्राच सुटून येईल. गंजलेला उंबरठा कापून काढून तेथें नवा पत्रा सांधणें हें कुशल कारागिराचें काम आहे. गंजावरच ठिगळ चिकटविणें हें फसवणुकीचें. इंजिन बिघडलें तर दुसरें बसवितां येतें. अंगच सडलें असेल तर नवें इंजिन कशाला बसवावयाचें?

इंजिनाची परीक्षा तें थंड असतांनाच घ्यावी. येण्यापूर्वीं मोटार सुरू करून ठेवूं नये असें विक्रेत्यास आधींच सांगावें. आणि जाऊन पाहतां इंजिन कोमट लागलें तर सावध व्हावें. थंड इंजिन सुरू होतांना वरून टिकटिक ऐकूं आली, तर पहिल्या पिढीच्या या मोटारींत ती बहुधा झडपांच्या तेलावर चालणाऱ्या भागांची असते. तेल तापल्यावर ती थांबली तर भिण्याचें कारण नाहीं. खालून येणारा खोल, जड ठोका मात्र वेगळा. तो ऐकतांच निरोप घ्यावा. धुराचा रंगहि बोलका असतो. निळा धूर जळणारें तेल सुचवितो. बराच वेळ उभें राहून निघतांना तो एकदां उसळला तर झडपांचीं सीलें झिजलीं असावींत. जोर देतांना सतत आला तर पिस्टनच्या रिंगांकडे बोट दाखवितां येईल. गोडसर वासाचा, न थांबणारा पांढरा धूर म्हणजे थंडावा देणारें पाणी आंत शिरत असल्याचें चिन्ह. तेलाच्या टोपणाखालीं दुधाळ साय दिसली तर तोच संशय बळावतो. मात्र हिंवाळ्यांत लहान फेऱ्या करणाऱ्या मोटारींत नुसत्या दंवानेंहि ती थोडीशी जमते.

इंजिनांतील झडपांची वेळ सांभाळणारा दांतेरी रबरी पट्टा साठ हजार मैलांनीं बदलावा असा सर्वसाधारण नियम आहे. पहिल्या पिढीच्या १.६ लिटर इंजिनाची रचना अशी आहे कीं, पट्टा तुटला तरी झडपा व पिस्टन एकमेकांवर आदळत नाहींत. मोटार वाटेंत बंद पडते एवढेंच. कित्येक इतर मोटारींत याच एका पट्ट्यानें सबंध इंजिनाचा चुराडा होतो. याच इंजिनाच्या १९८९ ते १९९१ मधील आरंभींच्या नमुन्यांत मात्र एक प्रसिद्ध दोष होता. मुख्य दांड्याच्या पुढच्या टोकाशीं जेथें चाकी बसते, ती जागा झिजून चाकी डुलूं लागे. इंजिन चालू असतां ती चाकी सरळ फिरते कीं लंगडते, हें नुसत्या डोळ्यांनीं पाहतां येतें. ती लंगडत असेल तर पुढचा खर्च मोटारीच्या किंमतीशीं स्पर्धा करील.

मग मोटार रस्त्यावर न्यावी. तिसऱ्या-चौथ्या गिअरांत चढावर जोर दिला असतां इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाहीं, असें झालें तर क्लच घसरत आहे. क्लचचें पेडल मऊ पडून गिअर अडूं लागले तर बहुधा त्याचें लहान तेलाचें नळकांडें गळत असतें. हा या मोटारीचा नेहमींचा, पण स्वस्तांत निघणारा आजार. दुसरा गिअर घालतांना खरखर झाली तर आधींच्या मालकाच्या हाताचा अंदाज करावा. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर ब्रेक दाबले असतां मोटार एका बाजूस ओढली जाऊं नये. हातब्रेक सोडल्यावरहि मागचें चाक तापत असेल तर ब्रेकचा भाग अडकलेला आहे. उघड्या मोटारीचा टप प्रत्यक्ष उघडून व बंद करून पाहावा. मागची प्लॅस्टिकची खिडकी तडकलेली असणें सामान्य आहे, पण आसनांमागील गालिचा ओला लागला तर पुन्हां उंबरठ्याचीच आठवण ठेवावी.

आतां ही सर्व पारख आंकड्यांत कशी उतरते तें एका कल्पित उदाहरणानें पाहतां येईल. समजा, बर्मिंगहॅमजवळ राहणाऱ्या एका तरुण शिक्षकानें सात हजार पौंड सांठविले आहेत. त्याच्यासमोर १९९४ सालच्या दोन एम्‌एक्स्‌-५ आहेत. पहिली एक लाख अठ्ठावीस हजार मैल धांवलेली. किंमत साडेतीन हजार पौंड. रंग कांहींसा फिका, आसनें मळलेलीं. पण पावत्यांचा जाडजूड गठ्ठा बरोबर आहे; पट्टा दोनदां बदललेला, उंबरठे चार वर्षांपूर्वीं कापून नवे सांधल्याचीं छायाचित्रें, परीक्षांचे आंकडे एकसारखे वाढते. दुसरी अवघी एक्केचाळीस हजार मैलांची. किंमत सहा हजार पौंड. रंग आरशासारखा. परंतु परीक्षांत पांच वर्षांचा खंड, पावती एकहि नाहीं, आणि त्या खंडापूर्वीं गंजाची सूचना आलेली.

पहिल्या भेटींत शिक्षकाचें मन दुसरीकडेच ओढ घेईल. सात हजारांत ती बसते, आणि हजार पौंड उरतातहि. पण हिशेब पुरा मांडावा. पहिलीला क्लचचें नळकांडें, दोन टायर व टपाची खिडकी यांस मिळून पांचशे पौंड धरले, तर ती चार हजारांत रस्त्यावर उभी राहते, आणि तीन हजार पौंड गांठीशीं राहतात. दुसरीचा पट्टा साठ हजार मैल न झाल्यामुळें कोणीं बदललाच नाहीं. पण रबराला मैल कळत नाहींत, तें तीस वर्षांचें झालें आहे. पट्टा, नळ्या, चार टायर व मागचे ब्रेक यांस तेराशे पौंड धरावे. दोन्ही उंबरठ्यांच्या कामास सोळाशे. एकूण आठ हजार नऊशे झाले, म्हणजे सांठविलेल्या रकमेपेक्षां एकोणीसशे अधिक. हे आंकडे उदाहरणापुरते आहेत. प्रत्यक्ष दर गांवोगांव वेगळे पडतील. परंतु त्यांतून निघणारी रीत पक्की आहे. मोटारीची किंमत ही तीन रकमांची बेरीज असते : विक्रेत्यास द्यावयाचे पैसे, पहिल्या वर्षांत करावेच लागतील असे खर्च, आणि अनपेक्षित बिघाडासाठीं वेगळी ठेवलेली रक्कम. या तिन्ही मिळून जी मोटार परवडते तीच परवडते.

याच जागीं 'कोणाकडून घ्यावी' हा प्रश्न येतो. ब्रिटनच्या २०१५ सालच्या ग्राहक-हक्क कायद्याप्रमाणें व्यापाऱ्यानें विकलेली मोटार तिचें वय, मैल आणि किंमत लक्षांत घेतां समाधानकारक दर्जाची असली पाहिजे. विकतेवेळींच गंभीर दोष असेल तर घेणाऱ्यास तीस दिवसांच्या आंत ती परत करून पैसे मागतां येतात. खासगी विक्रेत्याकडून घेतांना हें संरक्षण नाहीं. वर्णन खरें असलें पाहिजे आणि विकण्याचा हक्क त्याला असला पाहिजे, एवढ्यावरच त्याची जबाबदारी संपते. दर्जाची जोखीम घेणाऱ्याच्या शिरावर. म्हणून खासगी व्यवहारांत किंमत कमी असणें स्वाभाविक आहे, आणि जाहिरातीचा मजकूर, पत्रव्यवहार व सहीची पावती जपून ठेवणें अवश्य आहे. व्यवहार कोणाशींहि असो, स्वतंत्र कारागिराला मोटार उचलून दाखविण्यास विक्रेता तयार नसेल, तर त्याचा नकार हेंच त्या मोटारीचें प्रमाणपत्र समजावें. कारागिराच्या फीचे पैसे वांचविण्यांत शहाणपण नाहीं.

एवढें करूनहि कांहीं घरांनीं ही मोटार घेऊं नये. तींत दोनच आसनें असतात. लहान मूल असलेल्या कुटुंबाची ती एकमेव मोटार होऊं शकत नाहीं. ज्याला रोज सकाळीं ठरलेल्या वेळीं कामावर पोंचावेंच लागतें आणि ज्याच्यापाशीं दुसरें साधन नाहीं, त्यानें तीस वर्षांच्या यंत्रावर आपली नोकरी टांगून ठेवूं नये. विम्याचा हप्ता तरुण चालकास मोटारीच्या किंमतीच्या मानानें जबर पडूं शकतो. म्हणून विम्याची चौकशी सौद्यानंतर नव्हे, आधीं करावी. कर्ज काढून अशी मोटार घेणें तर सर्वस्वी टाळावें. कारण बिघाड आणि हप्ता हे दोघे एकाच महिन्यांत दाराशीं येण्याचा संभव असतो. हौस घरच्या सर्वांच्या संमतीनें केली तर ती आनंद देते. चोरून केली तर पहिल्याच मोठ्या बिलाच्या दिवशीं ती कलहाचें कारण होते.

उलट ज्याच्या घरीं नित्याच्या कामास दुसरी सोय आहे, ज्यानें राखीव रक्कम बाजूला ठेविली आहे, आणि ज्याला आठवड्याच्या सुट्टींत पान्हे हातीं घेण्याचा कंटाळा नाहीं, त्यानें मैलांच्या आंकड्याला भिऊन चांगली मोटार सोडूं नये. नव्या मोटारीची किंमत पहिल्या कांहीं वर्षांत झपाट्यानें उतरते; सवालाख मैल धांवलेल्या मोटारीची ती उतरण्याची मजल केव्हांच संपलेली असते. तिच्या मालकाला खर्च होतो तो दुरुस्तीचा, आणि नीट निवडलेल्या मोटारींत तो आधींच अजमावतां येतो. शिवाय पुष्कळ मैल दिसतांच दुसरीं गिऱ्हाइकें मागें सरतात, त्यामुळें किंमतीबद्दल बोलणें सोपें जातें. कारागिरानें दाखविलेले दोष एका कागदावर लिहून, प्रत्येकासमोर खर्च मांडून तो कागद विक्रेत्यापुढें ठेवावा. नुसत्या घासाघिशीपेक्षां या कागदाचा परिणाम अधिक होतो, आणि दोन्ही पक्षांची भीडहि राहते.

शेवटीं एक गोष्ट उरते, ती मनाच्या निग्रहाची. मोटार पाहण्यास निघण्यापूर्वींच घेणाऱ्यानें आपली कमाल रक्कम आणि न घेण्याचीं कारणें घरीं बसून लिहून ठेवावीं : गंजलेला उंबरठा, खालून येणारा ठोका, न जुळणारे मैल, तपासणीस नकार. यांपैकीं एकहि आढळलें तर टप उघडून सूर्यप्रकाशांत मारलेल्या सुंदर फेरीनेंहि निर्णय बदलूं नये. या जातीच्या दहा लाखांहून अधिक मोटारी बनल्या आहेत. आज सोडलेल्या मोटारीसारखी दुसरी पुढच्या महिन्यांत पाहावयास मिळेल. गेलेले सात हजार पौंड मात्र शिक्षकाच्या घरांत पुन्हां सांठण्यास कित्येक वर्षें लागतील.